रजनी, मागची भिंत अजून घासली नाही

रजनी,

तुझ्या घरी बसायला आलेल्या बायकांमध्ये सुमनमावशींनी माझी समजूत कशी घातली, ते तुला सांगायलाच हवं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, सगळ्यांदेखत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुम्हनं ते बोलनं-चालनंबी नव्हतं माय. तुले तितलं दुख नही. दुख ते सुभाषले शे." दुःख काय ते तुझ्या नवऱ्याला, यावर बायकांनी माना हलवल्या. एकीनं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिथं हजेरी लावली हेच पुष्कळ झालं.

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, शरमली. मी शरमले नव्हते, मला राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही हे तुला ठाऊक आहे. तू गेल्यावर माझी पहिली अडचण ही झाली की तुझ्यासाठी रडायचा माझा हक्क कुणी मानायलाच तयार नव्हतं. जाऊ गेली म्हणून रीतीपुरता डोळ्यांना पदर लावायचा, चहाची भांडी विसळायची, आणि घरी यायचं. गल्लीच्या हिशेबी आपण दोघी वैरिणी. आणि तो समज पक्का करायला आपणच इतकी वर्षं हातभार लावला.

तू जिवंत असतीस तर यावर पोट धरून हसली असतीस. मी मात्र त्या दिवशी तुझ्यावरही चिडले. म्हटलं, निघून गेलीस आणि हे नाटक एकटीनं निस्तरायला मला ठेवलंस.

आठवतं का, सुरुवात कशी झाली? नवागामात आपली घरं भिंतीला भिंत लागून. माझे मालक थोरले, सुभाष धाकटा. धुळ्याकडून दोघं बरोबरच सुरतेला आलेले, बरोबरच लूमवर उभे राहिलेले. पुढं यांनी स्वतःचं खातं टाकलं. लूमच्या शेडला इथं खातंच म्हणतात. सुभाष त्यात मास्टर. कुठला लूम कुठल्या दुखण्यानं अडलाय हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मग एक दिवस त्यानं कडोदऱ्याला दुसऱ्याच्या खात्यात नोकरी धरली. धरली तर धरली, पण भावाला ती बातमी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, तिसऱ्याच माणसाकडून कळली. यांना नोकरीचं काही वाटलं नाही, लारीचं वाटलं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. आणि आपल्या लोकांत भावांचं तुटलं की जावांचंही तुटतं. त्यांना कुणी विचारत नाही.

तू तेव्हा नवी नवी लग्न होऊन आलेली, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. मला तू जरा शिष्टच वाटायचीस. चालताना खाली बघत चालायचीस. मला वाटायचं, हिला माणसांकडं बघायचंच नाही. पुढं कळलं की तू गटाराच्या कडेला काय उगवलंय ते बघत असायचीस.

दोन्ही घरांना मागं मिळून एकच मोरी होती आणि मोरीपलीकडं विटांची उंच भिंत. वरच्या टाकीचं पाणी तिच्यावरून बारा महिने झिरपायचं. पावसाळ्यात भिंत हिरवीगार व्हायची, ती हिरवळ खाली मोरीच्या फरशीवर उतरायची आणि कुणी ना कुणी धपकन आपटायचं. ती घासायचं काम दोन्ही घरांच्या बायकांचं. वाटणीत सगळं वाटलं गेलं, ही भिंत तेवढी राहून गेली. तिथं आपण दोघी एका वेळी उभ्या राहिलो तर कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. हातात ब्रश हवा, तोंड भिंतीकडं हवं, बस. वर सुमनमावशींची खिडकी होतीच पहारा द्यायला. या दोघा भावांची मावशी म्हणजे अख्ख्या गल्लीचं वर्तमानपत्र.

पहिल्या दिवशी मी तारेचा ब्रश उचलला आणि तू खालच्या आवाजात म्हणालीस, "ताई, थांबा. इथलं घासू नका."

मी म्हटलं, "का गं? शेवाळाची पूजा करायची आहे का?"

"हे शेवाळ नाही. म्हणजे ते तिकडचं, गुळगुळीत, बोटाला लागतंय ते शेवाळ. हे मॉस आहे. बघा, याला पानं आहेत."

मला पानं दिसेनात. मला हिरवं दिसत होतं. तू म्हणालीस, "भिंग असतं तर दाखवलं असतं." भिंग माझ्या घरी होतं. कापडातले धागे मोजायचं, घडीचं, पितळेचं, पिकग्लास म्हणतात ते. यांचं जुनं, एका बाजूनं वाकलेलं, शिवणाच्या डब्यात पडून होतं. मी ते कमरेला खोचून आणलं. भिंतीला नाक लावून बघितलं आणि रजनी, खरं सांगते, मला क्षणभर भीतीच वाटली. इतकी वर्षं जे मी खरवडून गटारात सोडत होते ते झाडांचं अख्खं रान होतं. प्रत्येकाला पानं, प्रत्येक पानाला मधोमध शीर, आणि काहींच्या डोक्यावर बारीक दांडीला लागलेली कुपी, वर टोपीसकट.

"आता गंमत बघा," म्हणून तू भिंतीच्या वरच्या कोरड्या भागातला एक चिमूट गोळा काढलास. काळपट, मेलेला. पानं आत वळून नळीसारखी झालेली. त्यावर बोटानं पाण्याचा थेंब सोडलास. एक श्वास घेईपर्यंत सगळी पानं उघडली. मी ओरडणार होते, पण वर खिडकी होती. म्हणून मी जोरजोरात ब्रश घासला, कोऱ्या विटेवर.

तेव्हापासून आपलं घासणं सुरू झालं. तुझी शाळा सकाळची, माझं साड्यांना फॉल लावायचं काम घरातच. दुपारी खाती धडधडत असायची, पुरुष तिकडं, आणि आपण मोरीत. लूमच्या आवाजात कुजबुजसुद्धा मोठ्यानं करावी लागायची. मावशी वरून विचारायच्या, "आजूनबी निंघनी नही का ती घाण?" मी वर बघून म्हणायची, "कथानी निंघस मावशी, चिवट शे." यात खोटं काहीच नव्हतं.

तुलाही सगळं येत होतं अशातला भाग नाही. तुला शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र ठाऊक होतं, एवढंच. बाकी आपण दोघी मिळून शिकलो, धडपडत. तू कुठल्याशा कॉलेजच्या ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळवलीस. तिच्यात नुसते प्रश्न. पानाला मधली शीर आहे का? असेल तर इकडं जा, नसेल तर तिकडं. पानाची कड करवतीसारखी आहे का? इकडं जा. मी म्हटलं, ही तर सापशिडी आहे. आणि खरंच तशीच खेळायचो आपण. तू वाचून मराठीत सांगायचीस, मी भिंगाला डोळा लावून उत्तर द्यायची. "शीर टोकापर्यंत जाते की आधी संपते?" "आधी संपते." "नक्की?" "नक्की म्हणजे काय, मी फॉल लावते, मला टाका कुठं संपतो ते कळतं." आणि शेवटी शेवटी कुठलातरी साप आपल्याला गिळायचा आणि आपण परत पहिल्या प्रश्नाशी.

नावांवरून आपलं कायम वाजायचं. तुझं म्हणणं, शास्त्रीय नाव हवं, म्हणजे जगात कुठंही तेच. माझं म्हणणं, जगात कुठं जायचंय आपल्याला? मी माझी नावं ठेवली. दोन्ही बाजूंना सपाट पानं लावलेलं ते माझ्यासाठी फणी, कारण लूमची फणी तशीच दिसते. तू त्याला फिसिडेन्स म्हणायचीस. पाणी पडताच उघडणारं ते माझं लाजरं. खरं तर ते लाजाळूच्या उलट वागतं, तू ते दहादा दाखवून दिलंस, पण मी नाव बदललं नाही. तुझ्या लेखी ते हायोफिला. आणि कुपी आली नसेल तर तू नाव सांगायलाच तयार नसायचीस. "कुपी येऊ द्या, मग बघू." मी म्हणायची, बारसं बाराव्या दिवशी करतात, मुलगा नोकरीला लागल्यावर नाही करत. तू हसायचीस आणि पुडीवर प्रश्नचिन्ह काढायचीस. वर्तमानपत्राच्या पुड्या, आत वाळवलेलं मॉस, वर स्केचपेननं जागा आणि महिना. नाव मात्र पेन्सिलीनं. चुकलं तर खोडता यावं म्हणून. मला हा तुझा स्वभाव तेव्हा किचकट वाटायचा. आता तो फार मोलाचा वाटतो, आणि माझ्यात तो नाही.

आणि मग ते केसवालं मॉस! सांगू का इथं? सांगतेच, तुझी परवानगी आता कोण विचारतंय.

गल्लीच्या टोकाला, खात्याच्या मागच्या खिडकीखाली ते आपल्याला सापडलं. छोटी हिरवी उशी, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला लांब, पांढरा, चकचकीत केस. तू झेरॉक्स काढलीस. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, पहिल्यांदाच कुठला साप आडवा आला नाही. नाव निघालं ते उंच डोंगरावर, थंडीत, खडकावर राहणाऱ्या मॉसचं. सुरतेत! तुझे कान लाल झाले. तू म्हणालीस, "ताई, हे इथं कुणीच नोंदवलेलं नसणार." त्या वेळी मात्र तू पेन्सिल वापरली नाहीस, नाव शाईनं लिहिलंस. ते मी कधी विसरू दिलं नाही तुला.

आपण दोघी त्या कॉलेजात गेलो. तू शाळेतून परस्पर, मी फॉलचा धागा आणायच्या निमित्तानं. वनस्पतिशास्त्राचे ते वयस्कर गुजराती प्राध्यापक फार सज्जन. त्यांनी पुडी उघडली, चिमटीनं एक फांदी काचेवर ठेवली, सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. मग सुईनं पानं वेगळी करून परत बघितलं. तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली. मग ते वर बघून हळूच म्हणाले, "बेन, तमारे त्यां लूम चाले छे?"

पॉलिएस्टर! खात्याच्या खिडकीतून उडालेला तुटका तंतू, पानापानात अडकून बसलेला. आयुष्यभर धागा हाताळणाऱ्या घरातल्या आपण दोघी, आणि आपल्याला धागा ओळखू आला नाही. मी तर दिवसभर तोच सुईत ओवत होते. प्राध्यापक हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. उलट म्हणाले, खालचं मॉस नीट वाळवलंय, कुपीही आहे, यावर काम करा. बाहेर आलो आणि कॉलेजच्या फाटकाशी तू रडायला लागलीस आणि मी हसायला. मग तू हसायला लागलीस आणि मला रडू आलं. रिक्षावाला दोनदा थांबून निघून गेला.

त्यानंतर तू कधी शाईनं लिहिलं नाहीस. मला वाटतं, त्या दिवशी आपण खऱ्या अर्थानं शिकायला लागलो. आधी पाण्यात झटकून धुवायचं, मग बघायचं. आणि आपल्याला जे सापडावंसं वाटतं ते सापडलं की आणखी एकदा धुवायचं.

आपलं वैर जगजाहीर कसं झालं, तीही गोष्ट मॉसचीच, म्हणजे त्याच्या भावंडांची. बारडोलीला यांच्या मामेबहिणीकडचं लग्न होतं. दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना, आपण दोघी बायकांत दोन टोकांना. जेवणं चालली होती तेव्हा तू डोळ्यांनी खुणावलंस. मांडवामागं ऊस आणि उसातून पाण्याचा पाट. पाऊस सरून फार दिवस झाले नव्हते, काठ ओले होते. तू चपला काढून उतरलीस आणि चिखलात गुडघ्यावर बसलीस, अंगावर लग्नाची पैठणी!

तिथं आपल्याला रिक्सिया मिळालं. गोल, फाटे फुटत गेलेलं, जमिनीला चिकटलेलं, कुणी हिरवी रांगोळी घातल्यासारखं. ना पान ना दांडी. आणि त्याच्याच शेजारी ते दुसरं, गर्द हिरव्या चपट्या पापुद्र्यातून सरळ वर आलेली शिंगं, वरून चिरत दोन फाकी झालेली. "अँथॉसिरॉस," तू कुजबुजलीस, "ताई, मी हे फक्त चित्रात बघितलं होतं." मी वाकून बघायला गेले, पाय घसरला, मी तुझा दंड धरला, आणि दोघी पाटात. मी तुझ्यावर, तू मॉसवर. तू ओरडलीस, "उठा, उठा, त्याच्यावरून उठा!" मी म्हटलं, "तुला माझी कंबर मोडली त्याचं काही नाही!" आणि नेमक्या त्याच वेळी हात धुवायला सुमनमावशी पाटावर आल्या.

त्यांनी काय बघितलं? दोन जावा, चिखलात, एकमेकींना धरलेलं, ओरडाआरडा. पाच मिनिटांत मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बातमी: "जावा-जावा उसमा भांडन्यात, चिखलमा लोळन्यात!" यांनी मला घरी येईपर्यंत एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर म्हणाले, "चारचौघांत तरी नको होतं." मी काय सांगणार होते, शिंगं बघत होतो?

त्या रात्रीनंतर मात्र तू माझ्याशी वाद घालायला लागलीस, आणि तो वाद कालपर्यंत संपला नव्हता. तू म्हणालीस, "ताई, पुरे आता हे. दोघांना सांगून टाकू. इथं आणून दाखवू." मी म्हणायची, नको. पुरुषांना एकदा कळलं की आपण बोलतो, की आपण निरोप्या होऊ. "तिला विचार तो काय म्हणतो", "त्याला सांग मी काय म्हटलं." ही भिंत तेवढी आपली आहे, ती त्यांच्या भांडणात नको ओढायला. तू म्हणायचीस, "त्यांना काही विचारायचं नाही, समजवायचं नाही. नुसतं दाखवायचं." मी म्हणायची, "ज्यांना सख्खा भाऊ दिसत नाही त्यांना मॉस काय दिसणार?" तू मान हलवायचीस आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. माझी बाजू मला कालपर्यंत चूक वाटत नव्हती. पण तू नुसती बरोबर नव्हतीस, तू चांगलीही होतीस. हे मी तुला कधी म्हटलं नाही.

प्लेगच्या साली अख्खं नवागाम गावाकडं पळालं तेव्हा आपणही गेलो, वेगवेगळ्या गाड्यांनी. परत आलो तेव्हा गल्ली झाडूनपुसून लख्ख, गटारात पावडर, आणि आपली भिंत चुन्यानं पांढरीधोप. लोक शहराची स्वच्छता बघून खूश होते, मीही होते. आणि तरी त्या भिंतीसमोर उभं राहून मला सुतक लागल्यासारखं झालं. तू मात्र वाकून विटांच्या सांध्यांत बघत होतीस. म्हणालीस, "बरं झालं ताई. आता पहिलं कोण येतं ते बघायला मिळेल." पुढच्या पावसाळ्यात आधी नुसता हिरवा ओशट थर आला, मग केव्हातरी सांध्यातून माझं लाजरं. तू मला हाक मारून दाखवलंस. त्या दिवशी वर खिडकी आहे हे आपण दोघी विसरलो होतो, पण मावशी झोपल्या असाव्यात.

तुझ्या आजाराबद्दल मी लिहिणार नाही. तो सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याबद्दलच बोलतात. मला फक्त ती शेवटची भेट सांगायची आहे. मी मावशींबरोबर आले होते, रीत म्हणून. मावशी खाटेजवळ, मी दाराशी. तू खूप पिवळी पडली होतीस. मला तुझ्या केसांवरून हात फिरवायचा होता. मावशी तुझी पथ्यं सांगत होत्या. मध्येच तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "ताई, मागची भिंत घासली का?"

मी म्हटलं, "नाही गं. अजून नाही घासली."

"कुपी आली का?"

मी म्हटलं, "येईल. बघते आहे मी."

बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाल्या, "देख माय, मरनदारीबी तिनं तुले टोचं. जाऊ दे, तू मनवर लेऊ नको." तुझं माझं शेवटचं बोलणं जगात असं नोंदलं गेलं आहे.

आता कालचं सांगते, म्हणजे मी हे कशासाठी लिहायला बसले ते कळेल.

काल तुझं उत्तरकार्य झालं. जेवणं उरकली, पाहुणे निघाले, घरची चार माणसं उरली. यांनी तुला खांदा दिला होता, पण दोघा भावांत अजून एक शब्द नव्हता. सुभाष तुझं कपाट आवरत होता. खालच्या खणातून त्यानं ती पत्र्याची पेटी बाहेर काढली. आत तुझ्या पुड्याच पुड्या. त्यानं एक उघडली. काळं, वाळकं, चुरलेलं. त्यानं वास घेतला. "मावशी, हाई काय शे?"

मावशींचा चेहरा उतरला. "उघाडू नको, सुभाष! कोणीतरी करणी कयी व्हई." आणि असं म्हणून त्यांनी, मुद्दाम नसेल, पण माझ्याकडे पाहिलं. मग सुभाषनं पाहिलं. "बांधी टाक," मावशी म्हणाल्या, "आनि तापीमा सोडी ये. आत्तेच्या आत्ते." तो पेटी कापडात गुंडाळायला लागला.

रजनी, मी गप्प राहिले असते तर काय झालं असतं? माझ्यावर कुणी उघड आळ घेतला नसता. नुसती कुजबुज राहिली असती, आणि कुजबुजीची मला सवय आहे. पण तुझी सगळी वर्षं, ती पेन्सिलीनं लिहिलेली नावं, तापीत गेली असती. आणि तुझ्या नवऱ्यानं जन्मभर मानलं असतं की तुझ्या कपाटात कुणीतरी विष पेरलं होतं. मी जागेवरून उठले.

"सुभाष, ती पेटी माले दे. त्या पुड्या तिन्या शेतस. आनि मन्या."

"तुन्या?" मावशी म्हणाल्या.

"हा, मन्या. मावशी, त्या दिवशी उसमा आम्ही भांडेल नव्हतूत."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नकोस, उलटसुलट, आधी पॉलिएस्टर मग मोरी मग प्राध्यापक. यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या आणि जात होत्या. मावशींनी तोंडावर पदर धरला होता. कुणाचा विश्वास बसत नव्हता हे मला दिसत होतं. शेवटी मी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं, एक पुडी त्यात उपडी केली, कमरेचं भिंग काढून बाजूला ठेवलं आणि लोट्यातलं पाणी हातानं शिंपडलं.

ते उघडलं. वर्षानुवर्षं कागदात पडलेलं, तरी उघडलं आणि हिरवं दिसायला लागलं. आता यावर कुणी मला म्हणेल की बघ, रजनी गेली नाही, ती अशीच कुठंतरी आहे. असलं काही मला ऐकवू नका. तू मॉस नाहीस. तुझ्यावर मी कितीही पाणी शिंपडलं तरी तू उघडणार नाहीस, हे मला पक्कं कळतं. मला ते फक्त त्यांना दाखवायचं होतं, तू म्हणायचीस तसं.

हे आधी वाकले. खात्यात कापड बघतात तसं भिंग ताटावर टेकवलं, एक डोळा मिटला आणि बघतच राहिले. सुभाषही खाली बसला. मान इकडून तिकडून घातली, पण यांच्या डोक्यामुळं त्याला काही दिसेना.

"दादा, सरक ना जरासा," तो म्हणाला. "माले बी देखू दे."

इतक्या वर्षांनी तो 'दादा' म्हणाला होता. बोलून गेल्यावर त्यालाच ते कळलं असावं. यांनी भिंगावरून डोळाही उचलला नाही. नुसते डावीकडं सरकले. मग भिंग त्याच्या हातात देऊन म्हणाले, "उजेडकडे धर. पानले शीर शे, मझारमा, ती देख." सुभाष बघत राहिला. बघता बघता त्याचे खांदे हलायला लागले, आणि यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तू जिंकलीस, रजनी. जितक्या वेळा मी तुला नको म्हटलं, तितक्या वेळा तू बरोबर होतीस. मला हरायची सवय नाही, आणि हरले हे जिला सांगावं तीच नाही.

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. मोठ्यानं, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. मावशी माझ्याजवळ सरकल्या. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मला रडू दिलं.